समुपदेशनाची पदवी : प्रवेश, प्रशिक्षण आणि नोंदणीचे तीन दरवाजे

- प्रतिनिधी

दहावी-बारावीचे निकाल लागले, की शहरांतील गल्लीबोळांत 'समुपदेशन केंद्र' अशा पाट्या ठळकपणे दिसू लागतात. करिअरच्या निवडीपासून वैवाहिक तणावापर्यंत आणि मुलांच्या हट्टीपणापासून नैराश्यापर्यंत सर्व प्रश्नांवर तेथे सल्ला मिळेल, असे त्या पाट्या सांगतात. दवाखान्यावर पाटी लावणाऱ्या डॉक्टरला वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक लागतो. न्यायालयात उभे राहणाऱ्या वकिलाला सनद लागते. 'समुपदेशक' या पाटीमागे नेमके काय असते, हे मात्र दार ठोठावणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. अनेकदा या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते ठाऊक नसते.

या प्रश्नाला आता नवी निकड आली आहे. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी निकाल दिला. त्यात देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि कायदा होईपर्यंत ती बंधनकारक राहतील, असे स्पष्ट केले. त्यानुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असणे आवश्यक आहे; त्या व्यक्तीने बालक व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे. शाळा, महाविद्यालये आणि शिकवणी वर्गांची संख्या पाहता या क्षेत्रातील मनुष्यबळाची मागणी वाढणार, हे उघड आहे. मात्र 'पात्र' कोणाला म्हणायचे, याचे उत्तर एका पदवीत सामावलेले नाही.

समुपदेशनाच्या व्यवसायात शिरण्यासाठी तीन दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रवेशाचा, दुसरा पर्यवेक्षणाखालील प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा आणि तिसरा नोंदणीचा अथवा परवान्याचा. पहिला दरवाजा उघडला म्हणजे पुढचे दोन आपोआप उघडतात, ही समजूत विद्यार्थ्यांना सर्वांत महागात पडते.

तीन व्यवसाय, तीन वाटा

सर्वसामान्य बोलण्यात 'सायकॉलॉजिस्ट', 'सायकियाट्रिस्ट' आणि 'काउन्सेलर' हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. प्रत्यक्षात या तिन्ही वाटा वेगळ्या आहेत. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि मनोविकारांवर औषधे लिहून देणे हे त्याचे काम आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अर्थात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ मानसिक आजारांचे मानसशास्त्रीय मूल्यमापन व निदान करतो आणि मानसोपचार देतो. तो औषधे देत नाही. समुपदेशक हा मुख्यतः दैनंदिन जीवनातील ताण, नातेसंबंध, शिक्षण, नोकरी, दुःख आणि निर्णयांच्या पेचात अडकलेल्या व्यक्तीला मदत करतो. गंभीर आजाराची चिन्हे दिसली तर योग्य तज्ज्ञाकडे पाठविणे हेही त्याचे कर्तव्यच आहे.

या तिघांपैकी मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांच्याभोवती कायद्याची चौकट फार पूर्वीपासून आहे. समुपदेशकाभोवतीची चौकट आता कुठे आकार घेत आहे.

कायदा काय म्हणतो?

या क्षेत्राशी संबंधित तीन कायदे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावेत.

पहिला, भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२. या परिषदेला 'आरसीआय' या नावाने ओळखले जाते. परिषदेच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव असल्याशिवाय चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक आदी व्यावसायिकांना व्यवसाय करता येत नाही. या तरतुदीचे उल्लंघन केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्वसाधारण समुपदेशक या यादीत नाही. यादीत 'पुनर्वसन समुपदेशक' आहे, पण तो अपंग व्यक्तींच्या पुनर्वसनाशी जोडलेला व्यवसाय आहे.

दुसरा, मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७. हा कायदा २०१८ पासून लागू झाला. त्यात 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कोण, याची व्याख्या दिली आहे. मनोविकारतज्ज्ञ, तसेच राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी असलेले चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार समाजकार्यकर्ते यांचा त्यात समावेश होतो. आयुर्वेद, होमिओपॅथी आदी पद्धतींत मनोविकारांशी संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांनाही त्यात स्थान आहे. केवळ 'समुपदेशन मानसशास्त्र' विषयात एम. ए. केलेल्या व्यक्तीचा मात्र या व्याख्येत स्वतंत्र उल्लेख नाही.

तिसरा आणि समुपदेशकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कायदा म्हणजे राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१. या कायद्याच्या अनुसूचीत 'वर्तनविषयक आरोग्यशास्त्र' असा एक गट आहे. पुनर्वसन परिषदेच्या कक्षेतील चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ वगळून इतर मानसशास्त्रज्ञ, वर्तन विश्लेषक, आरोग्य समुपदेशक, एचआयव्ही व कुटुंबनियोजन समुपदेशक, वैद्यकीय व मनोविकार समाजकार्यकर्ते यांना या गटात स्थान मिळाले आहे. राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदा यांच्यामार्फत अभ्यासक्रमांचे दर्जे ठरविणे आणि व्यावसायिकांची नोंदवही ठेवणे, अशी या कायद्याची रचना आहे. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' या संज्ञेसाठी किमान ३,६०० तासांच्या, तीन ते सहा वर्षांत विभागलेल्या पदवीची अट आहे. 'सहयोगी' व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांची पदविका किंवा पदवी लागते. आज प्रवेश घेणारा विद्यार्थी पदवी हाती घेईल तेव्हा त्याला या नोंदवहीच्या दाराशी उभे राहावे लागेल, हे गृहीत धरूनच अभ्यासक्रम निवडणे शहाणपणाचे ठरेल.

प्रवेशासाठी काय लागते?

समुपदेशन मानसशास्त्रातील एम. ए. किंवा एम. एस्सी. साठी बहुतेक विद्यापीठे मानसशास्त्र हा मुख्य विषय घेतलेली पदवी मागतात. काही ठिकाणी इतर शाखांच्या पदवीधरांनाही प्रवेश परीक्षेच्या आधारे संधी मिळते. तथापि, पुढे चिकित्सालयीन मानसशास्त्राकडे वळण्याचा विचार असेल तर पदवी स्तरावर मानसशास्त्र नसणे अडचणीचे ठरू शकते. मुंबई विद्यापीठ, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ यांच्या विभागांत व संलग्न महाविद्यालयांत मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण उपलब्ध आहे. पहिल्या वर्षात संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, व्यक्तिमत्त्व सिद्धांत, मानसशास्त्रीय चाचण्या असे समान विषय आणि दुसऱ्या वर्षात समुपदेशन, चिकित्सालयीन किंवा औद्योगिक मानसशास्त्र यांपैकी एक विशेष शाखा, अशी रचना सर्वसाधारणपणे आढळते.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे नाव या क्षेत्रात आवर्जून घेतले जाते. १९३६ मध्ये समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था म्हणून तिची सुरुवात झाली. येथील उपयोजित मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी २०२३ पासून 'सीयूईटी-पीजी' या राष्ट्रीय सामाईक परीक्षेचे गुण विचारात घेतले जाऊ लागले. चांगल्या संस्थांत लेखी परीक्षेच्या गुणांबरोबर मुलाखतीलाही महत्त्व असते. 'इतरांचे दुःख ऐकायला मला आवडते' एवढ्या उत्तराने मुलाखतकारांचे समाधान होत नाही. स्वतःच्या पूर्वग्रहांची जाणीव, ऐकून घेण्याची क्षमता, वेगळ्या जातीच्या, धर्माच्या, लैंगिक ओळखीच्या व्यक्तीविषयीची भूमिका आणि एखाद्या स्वयंसेवी कामाचा अनुभव यांची चाचपणी तेथे होते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना एका वर्षात पदव्युत्तर पदवी घेण्याची सोय झाली आहे. वेळ वाचविणारी म्हणून ती आकर्षक वाटते. पण त्या एका वर्षात सल्लार्थींसोबतचे प्रत्यक्ष काम किती तासांचे आहे, हे पाहूनच निर्णय घ्यावा.

दूरस्थ शिक्षणाची वाट बंद

नोकरी किंवा संसार सांभाळून दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्रात एम. ए. करणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत मोठी होती. मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिक्षणाकडे वळणाऱ्या गृहिणींसाठी तर हा जिव्हाळ्याचा पर्याय होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने मात्र २०२१ च्या कायद्याखाली येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून लागू झालेल्या या निर्णयात मानसशास्त्राचाही समावेश आहे. त्यामुळे या सत्रापासून पुढे 'घरबसल्या एम. ए. मानसशास्त्र' अशी जाहिरात दिसल्यास शुल्क भरण्यापूर्वी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या अभ्यासक्रमाची मान्यता तपासावी.

या निर्णयामागील कारण समजण्यासारखे आहे. समोर बसलेल्या माणसाच्या आवाजातील कंप, त्याचे थांबणे, त्याचे टाळणे वाचायला पोस्टाने आलेल्या पुस्तकांतून शिकता येत नाही. मात्र नियमित महाविद्यालय जवळ नसलेल्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांपुढे त्यामुळे नवा पेच उभा राहिला आहे, हेही नाकारता येणार नाही.

नाव एक, अभ्यासक्रम दोन

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी अनेक वर्षे एम. ए. नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम. फिल. हाच राजमार्ग होता. बंगळुरू येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे आजच्या 'निमहान्स'च्या पूर्वावतारात, १९५५ मध्ये सुरू झालेल्या पदविका अभ्यासक्रमातून ही परंपरा विकसित झाली. नव्या शैक्षणिक धोरणाने एम. फिल. ही पदवी बंद केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ च्या आरंभी केवळ चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांपुरती २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुभा दिली. दरम्यान पुनर्वसन परिषदेने चार वर्षांची बी. एस्सी. ऑनर्स आणि दोन वर्षांची एम. ए. अशी नवी रचना आणली.

येथेच विद्यार्थ्यांची फसगत होण्याचा संभव आहे. 'एम. ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' या नावाची पदवी अनेक विद्यापीठे पूर्वीपासून देत आली आहेत. पुनर्वसन परिषदेच्या मान्यतेने चालणाऱ्या नव्या पदवीचे नावही तेच आहे. पहिली पदवी ज्ञान देते, पण परिषदेच्या नोंदवहीत नाव घालण्याचा अधिकार देत नाही. दुसरी तो अधिकार देण्यासाठीच रचलेली आहे. पदवी प्रमाणपत्रावर दोन्हींची नावे सारखीच दिसतील; फरक परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत दिसेल. ही यादी परिषदेच्या संकेतस्थळावर असते. मान्यता संस्थेला कायमची नव्हे, तर विशिष्ट अभ्यासक्रमाला व विशिष्ट कालावधीसाठी मिळते, हेही ध्यानात ठेवावे.

शाळेतील समुपदेशक

शालेय समुपदेशनासाठी पदविकेचा पर्यायही आहे. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशन पदविका अभ्यासक्रम एक वर्षाचा असून त्यात दूरस्थ अध्ययन, प्रत्यक्ष वर्ग आणि आपल्या गावी वा कामाच्या ठिकाणी आंतरवासिता असे टप्पे असतात. महाराष्ट्र आणि गोवा ही राज्ये भोपाळ येथील क्षेत्रीय शिक्षण संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतात. सेवेतील शिक्षकांना हा अभ्यासक्रम विशेष उपयुक्त आहे.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या २०१८ च्या संलग्नता नियमावलीत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांनी समुपदेशक नेमावा, अशी तरतूद करण्यात आली. त्यासाठी मानसशास्त्रातील पदवी वा पदव्युत्तर पदवी, बालविकासातील पदव्युत्तर पदवी किंवा कोणत्याही पदवीसोबत करिअर मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका अशी पात्रता नमूद केली होती. शाळेतील पदासाठी पुरेशी असलेली ही पात्रता मानसोपचार देण्यासाठी पुरेशी नाही. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाशी बोलणे आणि स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलावर उपचार करणे, ही दोन वेगळी कामे आहेत.

समाजकार्याचा दरवाजा

समुपदेशनाकडे मानसशास्त्रातूनच जावे लागते, असेही नाही. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ६ मध्ये न्यायालयाच्या मदतीसाठी समुपदेशकांची तरतूद आहे. महाराष्ट्रातील कुटुंब न्यायालयांत विवाह समुपदेशकाच्या पदासाठी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसडब्ल्यू, आणि कौटुंबिक समुपदेशनाचा अनुभव यांना महत्त्व दिले जात आले आहे. शासकीय रुग्णालयांतील एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रे, तसेच २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत किशोरवयीनांसाठीची केंद्रे येथेही मानसशास्त्राबरोबर समाजकार्याच्या पदवीधरांना संधी असते. शासकीय सेवेकडे कल असणाऱ्यांनी हा पर्याय दुय्यम समजू नये.

तास मोजणारे प्रशिक्षण

पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकत नाही. समुपदेशनाचेही तसेच आहे. विद्यार्थ्याने सल्लार्थीसोबत घेतलेल्या सत्राचे अनुभवी समुपदेशकाने परीक्षण करावे, चुका दाखवाव्यात, विद्यार्थ्याच्या मनात उठलेल्या भावनांचीही चर्चा करावी, याला पर्यवेक्षण म्हणतात. आपल्याकडील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत याचे प्रमाण संस्थेगणिक वेगळे आहे. कोठे विद्यार्थी आठवड्यातून ठरावीक दिवस रुग्णालयात वा शाळेत काम करतो, तर कोठे काही चाचण्यांचे अहवाल लिहून 'प्रात्यक्षिक' पूर्ण होते.

कायदेशीर जबाबदाऱ्यांचे भानही याच काळात यावे लागते. समुपदेशनाचा पाया गोपनीयतेवर उभा आहे. परंतु ती अमर्याद नाही. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशा अत्याचाराची माहिती मिळणाऱ्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे आणि न कळविणे हा गुन्हा आहे. 'हे कोणाला सांगू नका' असे म्हणत एखादी मुलगी बोलू लागते, तेव्हा काय करावे, हे पहिल्या नोकरीत नव्हे, तर पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली शिकलेले असावे.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, बोधात्मक वर्तनोपचार, कला-आधारित उपचार अशा पद्धतींचे अल्पमुदतीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आता मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहेत. पदव्युत्तर शिक्षणानंतर कौशल्य वाढविण्यासाठी ते मोलाचे आहेत. मात्र चार दिवसांच्या प्रमाणपत्राने व्यवसायाचा अधिकार मिळत नाही.

अमेरिकेत काय चित्र आहे?

समुपदेशनात उच्च शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेचा विचार करणारे विद्यार्थी मराठी घरांतही आहेत. पती किंवा पत्नीच्या नोकरीनिमित्त तिकडे गेलेले काही जणही या शिक्षणाकडे वळू पाहतात. तेथे हे तिन्ही दरवाजे स्पष्टपणे वेगळे केलेले असल्याने ही व्यवस्था समजून घेणे इथल्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडेल.

प्रवेशासाठी कोणत्याही शाखेची पदवी, पदवीचे समाधानकारक गुण, शिफारसपत्रे, स्वतःविषयीचे निवेदन आणि मुलाखत असे स्वरूप असते. अनेक विद्यापीठांनी जीआरई परीक्षेची सक्ती काढून टाकली आहे. भारतातील तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठे स्वीकारत नाहीत. गुणपत्रिकांचे मूल्यांकन तेथील संस्थेकडून करून घ्यावे लागते. प्रात्यक्षिकापूर्वी गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणीही अनेक ठिकाणी होते.

अभ्यासक्रमाच्या दर्जाची पारख 'केक्रेप' ही १९८१ मध्ये स्थापन झालेली संस्था करते. तिच्या मान्यतेसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम किमान ६० श्रेयांकांचा असावा लागतो. त्यात प्रथम १०० तासांचे प्रात्यक्षिक असते आणि त्यांपैकी किमान ४० तास सल्लार्थींसोबत प्रत्यक्ष काम करावे लागते. त्यानंतर ६०० तासांची आंतरवासिता असते. त्यांपैकी किमान २४० तास प्रत्यक्ष कामाचे असतात. म्हणजे पदवी हाती येण्यापूर्वी विद्यार्थ्याचे ७०० तास मोजलेले असतात.

तरीही पदवीधराला लगेच स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. परवाना केंद्र सरकार नव्हे, तर प्रत्येक राज्याचे मंडळ देते. व्हर्जिनिया राज्याने १९७६ मध्ये असा कायदा प्रथम केला. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये तो केल्यावर सर्व ५० राज्यांत ही व्यवस्था पूर्ण झाली. परवान्यासाठी राष्ट्रीय परीक्षा आणि पदवीनंतर पर्यवेक्षणाखाली केलेले काम आवश्यक असते. त्याचे तास राज्यागणिक बदलतात. अनेक राज्यांत ते ३,००० च्या आसपास आहेत. राष्ट्रीय प्रमाणन मंडळाचे 'नॅशनल सर्टिफाइड काउन्सेलर' हे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे, राज्याचा परवाना मात्र अनिवार्य आहे. या दोहोंतील फरक न समजल्याने अनेकांचा गोंधळ उडतो. शालेय समुपदेशकांसाठी राज्याच्या शिक्षण विभागाची वेगळी प्रमाणपत्र व्यवस्था आहे. 'सायकॉलॉजिस्ट' ही पदवी लावण्यासाठी तर सर्वसाधारणपणे डॉक्टरेट लागते.

ब्रिटनमध्ये चित्र निराळे आहे. तेथे 'काउन्सेलर' या शब्दाला कायद्याचे संरक्षण नाही. व्यावसायिक संघटनांचे ऐच्छिक सदस्यत्व हीच विश्वासाची खूण मानली जाते. 'काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट' हे नाव मात्र कायद्याने संरक्षित आहे आणि नोंदणीशिवाय ते वापरता येत नाही. एका शब्दाची भर पडली, की कायदा बदलतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

परदेशी पदवी घेऊन भारतात परतणाऱ्यांनीही दोन गोष्टी तपासाव्यात. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये स्वतंत्र विनियम लागू केले आहेत. समकक्षता मिळाली तरी पुनर्वसन परिषदेच्या नोंदणीसाठी परिषदेचे मूल्यमापन वेगळेच असते.

अर्ज भरण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

समजा, नाशिकच्या एखाद्या विद्यार्थिनीला पुण्यातील दोन संस्थांत प्रवेश मिळत आहे. एकीची इमारत देखणी आहे, दुसरीचे शुल्क कमी आहे. निर्णय घेण्यापूर्वी तिने व तिच्या पालकांनी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत.

१) पदवी देणारे विद्यापीठ आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे काय? वर्ग चालविणारी संस्था आणि पदवी देणारे विद्यापीठ एकच आहे काय?

२) अभ्यासक्रमाला पुनर्वसन परिषदेची मान्यता आहे काय? असल्यास कोणत्या वर्षापर्यंत? नसल्यास तसे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे काय?

३) एकूण तास किती? २०२१ च्या कायद्यातील निकषांच्या संदर्भात संस्थेने अभ्यासक्रमाची रचना तपासली आहे काय?

४) सल्लार्थींसोबत प्रत्यक्ष कामाचे तास किती, ते कोठे होते, आणि पर्यवेक्षण करणाऱ्या व्यक्तीची पात्रता काय?

५) केलेल्या तासांची नोंद स्वाक्षरीसह विद्यार्थ्याला मिळते काय? पुढे परदेशी परवान्यासाठी अर्ज करताना हीच वही कामी येते.

६) मागील तुकड्यांतील विद्यार्थी आज कोठे काम करीत आहेत आणि कोणत्या पदनामाने?

सहाव्या प्रश्नाचे उत्तर संस्थेपेक्षा माजी विद्यार्थ्यांकडून घेतलेले बरे.

मराठीतून ऐकण्याचे शिक्षण

आणखी एक बाब कोणत्याही नियमावलीत नाही, पण व्यवसायात रोज भेटते. पदव्युत्तर शिक्षण इंग्रजीत होते. समोर येणारा सल्लार्थी मात्र 'जीव लागत नाही', 'डोक्यात किडे वळवळतात', 'घरात कोणाशी पटत नाही' अशा भाषेत आपले दुखणे सांगतो. प्रश्नावलीतील 'डिप्रेशन' आणि त्याचे 'जीव लागत नाही' यांतील अंतर समुपदेशकालाच पार करावे लागते. त्यामुळे प्रात्यक्षिकाचे काही तास मराठी भाषक वस्तीत, शाळेत किंवा शासकीय रुग्णालयात करण्याची संधी मिळत असेल, तर ती सोडू नये.

दार ठोठावणाऱ्यांसाठी

हे सारे केवळ विद्यार्थ्यांपुरते नाही. समुपदेशकाकडे जाणाऱ्या कुटुंबालाही शिक्षण कोणत्या विषयात व कोठे झाले, नोंदणी असल्यास क्रमांक काय, पर्यवेक्षण कोणाचे घेता आणि गरज पडल्यास कोणत्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवता, हे चार प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नांचा राग येत नाही. तातडीची गरज असल्यास ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

थोडक्यात, पदवी ही या व्यवसायाची सुरुवात आहे, परवाना नव्हे. दोन वर्षे आणि घरची पुंजी खर्च करण्यापूर्वी 'या पदवीनंतर माझे नाव कोणत्या नोंदवहीत लागेल?' हा एक प्रश्न विद्यार्थ्याने संस्थेला विचारावा. त्याचे सरळ उत्तर देणारी संस्था निवडली, तर उद्या पाटीवर 'समुपदेशक' हा शब्द लिहिताना हात अडखळणार नाही, आणि ती पाटी वाचून आत येणाऱ्याचा विश्वासही वाया जाणार नाही.